खडूच्या वर्तुळातले मूल

ब्रेख्तच्या ‘कॉकेशियन चॉक सर्कल’चे चिं. त्र्यं. खानोलकरांनी केलेले रूपांतर, ‘अजब न्याय वर्तुळाचा’, विजया मेहता यांनी रंगभूमीवर आणले, हे मराठी रसिकाला नव्याने सांगायला नको. त्यातला शेवटचा निवाडा सर्वांच्या स्मरणात असतो. जमिनीवर खडूचे वर्तुळ, वर्तुळात मूल, दोन बाजूंना दोन स्त्रिया. जी ओढून बाहेर काढील तिचे मूल. जन्म देणारी ओढते. वाढवणारीला मुलाचा हात निखळेल अशी भीती वाटते आणि ती सोडून देते. न्यायाधीश मूल सोडणारीच्या हवाली करतो. हीच कथा आपल्याकडे पालि जातकात महोसधाच्या नावावर आहे. तेथे वर्तुळाऐवजी रेघ आहे, आणि दुसरी दावेदार यक्षीण आहे, इतकाच फरक.

ही कथा पाहताना वा वाचताना मनाला जे समाधान लाभते, त्याविषयी आम्हांला अलीकडे शंका येऊ लागली आहे. कथेने दोन गोष्टी गृहीत धरल्या आहेत. पहिली अशी, की हात सोडणाऱ्याचे प्रेम न्यायाधीशाला त्याच क्षणी दिसते. दुसरी अशी, की वर्तुळातले मूल मुके आहे; ओढाताण चालू असताना ते स्वतः काही करीत नाही. आजच्या घटस्फोटाच्या आणि मुलाच्या ताब्याच्या दाव्यांत ही दोन्ही गृहीतके कोसळतात. निवाडा क्षणात होत नाही, त्याला वर्षे लागतात. आणि मूल मुके नसते. दोन्ही हात दुखू लागले की ते एक हात स्वतःच झटकून टाकते आणि दुसऱ्या बाजूला जाऊन उभे राहते. त्याच्या दृष्टीने वेदना थांबवण्याचा तोच एक उपाय असतो. मग ते म्हणते, ‘मला त्यांच्याकडे जायचं नाही.’

या वाक्याचे पुढे काय करायचे, याविषयी हा लेख आहे.

आमच्या परिचयाचे एक निवृत्त शिक्षक आहेत. त्यांच्या मुलाचा संसार मोडला, नातू सुनेकडे राहिला, आणि महिन्यातून दोन शनिवार न्यायालयाच्या आवारात भेट ठरली. पहिले काही महिने नातू धावत येई. मग तो आईचा पदर सोडीना. मग एका शनिवारी आजोबांनी पुढे केलेला बेसनाचा लाडू त्याने हातानेच मागे सारला आणि म्हणाला, ‘तुम्ही लोकांनी आमचा मानसिक छळ केलाय.’ मुलाचे वय साडेसात. आजोबा आम्हांला म्हणाले, ‘अहो, चाळीस वर्षं मराठी शिकवली. दुसरीतल्या पोराच्या तोंडी हा शब्द मी कधी ऐकला नाही.’ ऐकणाऱ्या आम्हा सर्वांचे तत्क्षणी मत झाले, की पोराला पढवले आहे.

वर्षभराने दुसरी हकिकत कानावर आली. आमच्या एका स्नेही बाईंची अकरा वर्षांची मुलगी वडिलांना भेटायला साफ नकार देत होती. वडिलांच्या अर्जात म्हटले होते, की आईने मुलीचे मन कलुषित केले आहे. अर्ज वाचणाऱ्याला तो पटला असता. परंतु ही मुलगी लहानपणी कितीतरी रात्री स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिली होती आणि दाराच्या फटीतून तिने आईला मार खाताना पाहिले होते. तिला कोणी पढवायची गरजच नव्हती.

दोन्ही मुलांचे वाक्य एकच होते. बाहेरून पाहणाऱ्याला, आणि त्या बाहेरच्यांत आम्हीही आलो, दोहोंतला भेद कळत नाही.

या विषयाला इंग्रजीत ‘पेरेंटल एलिएनेशन’ म्हणतात. मराठीत रूढ शब्द नाही. आम्ही येथे ‘पालकविमुखता’ म्हणतो. १९८५ मध्ये रिचर्ड गार्डनर या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने या प्रकाराला ‘सिंड्रोम’ ठरवले, म्हणजे लक्षणसमूह असलेला एक विकार. एका पालकाच्या शिकवणीमुळे आणि त्यात मुलाने घातलेल्या स्वतःच्या भरीमुळे मूल दुसऱ्या पालकाचा अकारण द्वेष करू लागते, असे त्याचे प्रतिपादन होते. शब्द वकिलांनी तत्परतेने उचलला. शास्त्राने मात्र तो विकार म्हणून स्वीकारला नाही. २०१३ साली आलेल्या ‘डीएसएम-५’ या अमेरिकन निदानसूचीत त्याला निदान म्हणून स्थान मिळाले नाही. त्याआधी २००१ मध्ये जोन केली आणि जॅनेट जॉन्स्टन या दोन अभ्यासिकांनी चर्चेचे तोंडच फिरवले. दोषी पालक शोधण्याऐवजी मुलापासून सुरुवात करा, असे त्यांनी सुचवले. मुलाचे पालकाशी असलेले नाते त्यांनी एका पट्टीवर मांडले: दोघांशी सख्य, एकाकडे स्वाभाविक ओढ, एकाची बाजू घेणे, हिंसा, दुर्लक्ष अशा खऱ्या कारणाने आलेला दुरावा, आणि शेवटी, अनुभवाच्या मानाने अवास्तव वाटावी अशी विमुखता.

ही पट्टी ध्यानात घेतली की आमच्या दोन्ही हकिकती निराळ्या दिसू लागतात. मुलीचा दुरावा सकारण होता. आणि मुलाचे काय? पुष्कळ नंतर आम्हांला कळले, की ‘मानसिक छळ’ हा शब्द त्याला कोणी मुद्दाम शिकवला नव्हता. आईच्या माहेरी वकिलांशी फोन चालत, कागद मोठ्याने वाचले जात, आणि मूल तेथेच गृहपाठ करीत बसलेले असे. शिवाय बापाने एकदा शाळेच्या फाटकाशी, सगळ्या वर्गासमक्ष, आईशी तारस्वरात भांडण केले होते. आजोबांनी ही गोष्ट आम्हांला सांगितली नव्हती. बहुधा मुलाने त्यांनाही सांगितली नसावी. म्हणजे थोडे आईकडचे वातावरण, थोडा बापाचा संताप, थोडी लहान मुलाची लाज, असा तो गुंता होता. बहुतेक घरांतून असाच गुंता असतो, असे या क्षेत्रात काम करणारे सांगतात. आणि न्यायालयात गुंत्याला जागा नसते. तेथे एकतर आरोप असतो, नाहीतर इन्कार.

आता आपला कायदा काय म्हणतो ते पाहू. १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाचे १७ वे कलम सांगते, की मूल समजून उमजून पसंती सांगण्याइतके मोठे असेल तर न्यायालय ती विचारात घेऊ शकते. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाने मुलाचे कल्याण सर्वोपरी मानले आहे. पण मुलाची पसंती खरोखर त्याची आहे की घरातल्या वाऱ्याने वाकवलेली, हे न्यायाधीशाने दहा मिनिटांच्या भेटीत कसे ओळखावे?

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल या संदर्भात शेजारी शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. २०१७ च्या निकालात मुलीने वडिलांकडेच राहण्याची इच्छा सांगितली असताही न्यायालयाने विमुखतेच्या संकल्पनेचा उल्लेख करून तिचा ताबा आईकडे दिला. तिला आईच्या सहवासाचा अनुभवच मिळालेला नाही, मग तिची पसंती मोकळी कशी मानायची, असा विचार त्यामागे होता. २०२४ च्या दुसऱ्या एका निकालात विमुखतेचा आरोप आईने वडिलांवर केला होता. तेथे न्यायालयाने सबुरीचा सूर लावला: घाईने कोणावरही असा शिक्का मारू नये, मुलाला तोडणारे नेमके वर्तन कोणते, ते आधी प्रसंगाप्रसंगाने दाखवले पाहिजे. मुलांचा ताबा वडिलांकडेच राहिला. आम्हांला हे दोन निकाल परस्परविरोधी वाटत नाहीत. मात्र दुसऱ्या निकालातली अपेक्षा पुरी व्हायची तर ते प्रसंग धीराने तपासणारे कोणीतरी लागते, आणि हे काम न्यायाधीशाचेही नाही, वकिलाचेही नाही.

ते कोणाचे, याचे उत्तर कायद्यात आहे. १९८४ च्या कुटुंब न्यायालय अधिनियमाने समुपदेशकांची तरतूद केली (कलम ६), तडजोडीचा प्रयत्न हे न्यायालयाचे कर्तव्य ठरवले (कलम ९), आणि वैद्यकीय व समाजकल्याण क्षेत्रांतील तज्ज्ञांचे साहाय्य घेण्याची मुभा दिली (कलम १२). महाराष्ट्रातील कुटुंब न्यायालयांतून विवाह समुपदेशक काम करीत आले आहेत. त्यांच्यापाशी झालेली बोलणी गोपनीय मानली जातात, ही फार मोलाची गोष्ट. पण ताब्याच्या वादात मुलाच्या घरच्या परिस्थितीविषयी न्यायालय त्यांच्याकडून अहवालही मागवू शकते. म्हणजे ज्याच्यापाशी मन मोकळे करायचे, त्याच्याच लेखणीची धास्ती बाळगायची. ही अडचण व्यक्तींची नाही, रचनेची आहे. आणि आमच्या मुख्य म्हणण्याकडे आपण येथून येतो.

आमचे म्हणणे असे. ताब्याचा वाद पेटलेल्या कुटुंबाला तीन निरनिराळ्या प्रकारची मदत लागते आणि ती तीन निरनिराळ्या माणसांनी केली पाहिजे. पहिला, पारखणारा: मूल का नाकारते आहे याचा शोध घेऊन न्यायालयाला सांगणारा. दुसरा, उपचार करणारा: घरातल्या सर्वांशी बोलून नाते सावरू पाहणारा, आणि ज्याच्या खोलीतले काहीही न्यायालयात जाणार नाही असा. तिसरा, भेट घडवून आणणारा: मूल एकाकडून दुसऱ्याकडे सोपवताना मध्ये उभा राहणारा. या तिन्ही भूमिका एकाच टेबलाशी बसवल्या की प्रत्येक पक्ष त्या टेबलापुढे जबानी देऊ लागतो आणि मन कोणीच मोकळे करीत नाही.

पारख कशी करावी याविषयी इंग्लंडमध्ये २०२४ च्या अखेरीस फॅमिली जस्टिस कौन्सिलने न्यायालयांसाठी जी मार्गदर्शिका काढली, तिच्यातला क्रम आम्हांला फार शहाणपणाचा वाटतो. तीन गोष्टी सिद्ध झाल्याखेरीज कोणा पालकाने मूल तोडले असे म्हणू नये. मूल खरोखर भेट टाळते आहे का? त्या टाळण्याला नाकारलेल्या पालकाचे स्वतःचे वागणे, किंवा मुलाची स्वाभाविक ओढ, असे दुसरे कारण नाही ना? आणि दुसऱ्या पालकाच्या वागण्याचा मुलाच्या मनावर तसा परिणाम झाला आहे का? दुसरा प्रश्न वगळून पहिल्यावरून थेट तिसऱ्यावर उडी मारायची, हा आपल्याकडील अर्जांचा नेहमीचा दोष. हिंसेची चौकशी आधी व्हावी असा आग्रह यासाठीच. स्त्रियांवरील हिंसाचाराच्या संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदक रीम अल्सलेम यांनी २०२३ च्या आपल्या अहवालात ही संकल्पना न्यायालयांतून वापरण्यावर बंदीच घालावी असे सुचवले, कारण मारहाणीची तक्रार करणाऱ्या आईवरच ती उलटवली जाते. त्यांचे भय खरे आहे. आमच्या स्नेही बाईंच्या बाबतीत नेमके तेच घडले. तरीही बंदीपर्यंत आम्ही जाणार नाही. शब्द काढून टाकला तरी लाडू मागे सारणारा मुलगा उरतोच, आणि त्याला कोणी विचारले नाही ही गोष्टही उरते.

उपचाराविषयी एक समज प्रचलित आहे, की मुलाला एखाद्या बाईंकडे नेऊन बसवले, चार चित्रे काढून घेतली, म्हणजे काम झाले. या वादांत एकट्या मुलाचा उपचार पुष्कळदा उलटा पडतो. मूल ज्याच्याकडे राहते तोच पालक त्याला आणतो, तोच हकिकत सांगतो, तोच फी देतो. उपचार करणाऱ्याला एकच बाजू ऐकू येते आणि नकळत तिला तज्ज्ञाची मोहोर मिळते. म्हणून आईशी वेगळे, वडिलांशी वेगळे, मुलाशी वेगळे, आणि मग पायरीपायरीने एकत्र, असे काम करावे लागते. नाकारलेल्या पालकाला सांगावे लागते, की मुलाशी वाद घालून त्याची स्मृती दुरुस्त करायला जाऊ नका. घरात काय चालते याची उलटतपासणी घेऊ नका. जे तुमचे चुकले, उदाहरणार्थ ते फाटकाशी केलेले भांडण, ते एकदा साध्या शब्दांत कबूल करा. आणि मुलाने पाठ फिरवली तरी ठरलेल्या दिवशी हजर राहा. मुलाजवळ असलेल्या पालकाला सांगावे लागते, की ‘जायचं असेल तर जा, मी कुठे अडवलंय’ या वाक्यात परवानगी नसते, परीक्षा असते. मुलाला तोंडाने ‘जा’ आणि डोळ्यांनी ‘बघ हं’ असे दोन निरोप एकदम मिळाले, तर ते डोळ्यांचाच निरोप ऐकते. ‘जाऊन ये, मजा कर, मी इथे बरी आहे’ एवढे मनापासून म्हणता येणे, हे त्या आईसाठी, किंवा ताबा बापाकडे असेल तर त्या बापासाठी, अतिशय अवघड काम आहे. ते उपदेशाने जमत नाही. तिचाही संसार मोडलेला असतो आणि मूल गमावण्याचे भय तिच्याही उशाशी असते. तिला खलनायिका ठरवून ते भय जाणार नाही.

भेटीची गोष्ट त्याहून साधी आणि त्याहून दुर्लक्षित. न्यायालयाच्या गजबजलेल्या आवारात, ज्या जिन्यावर आईबाप एकमेकांकडे न बघता उभे असतात त्याच जिन्यावर, मुलाने आनंदाने हात बदलावा अशी अपेक्षा आपण करतो. मुंबईच्या कुटुंब न्यायालयात मुलांसाठी निराळी जागा आहे. अशी जागा जिल्ह्याजिल्ह्यात हवी, आणि जागेइतकेच तेथे शिकलेले माणूस हवे. आधी अर्धा तास, काही करायला असेल अशी भेट, मग हळूहळू मोठी. दोन पालकांनी समोरासमोर येऊ नये अशी ये-जा. दूर गावी असलेल्या पालकासाठी दृक्‌श्राव्य संपर्क. मुलाला दोन्ही पालकांचे प्रेम मिळणे हा त्याचा हक्क आहे असे सांगताना सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये या मार्गाचाही पुरस्कार केला आहे. विधी आयोगाने तर २०१५ मधील आपल्या २५७ व्या अहवालात संयुक्त ताबा, मध्यस्थी आणि पालकत्वाचा लेखी आराखडा यांची शिफारस केली होती. कागदांची उणीव आपल्याला कधीच नव्हती.

उणीव आहे ती वेळेची जाणीव असण्याची. दिवाणी दाव्यात जमीन वाट पाहते. दहा वर्षांनी निकाल लागला तरी जमीन तितकीच असते. मूल वाट पाहत नाही. साडेसात वर्षांच्या मुलाच्या आयुष्यातले एक वर्ष हा त्याच्या आठवणीतल्या काळाचा केवढा तरी वाटा असतो. पहिल्या चार-दोन भेटी फसल्या तेव्हा कोणी जाणत्या माणसाने त्या मुलाला बाजूला बसवून ‘शाळेच्या फाटकाशी काय झालं रे?’ असे विचारले असते, तर प्रकरण कदाचित तेथेच निवळले असते. तसे घडले नाही. अर्ज झाला, उत्तर झाले, तारीख पडली. दरम्यान नकाराची सवय झाली, आणि सवयीचे मत झाले. मतावर उपचार करणे फार कठीण.

आमच्या म्हणण्यावर दोन आक्षेप येतील. पहिला, इतकी माणसे आणायची कोठून आणि त्यांना पैसे कोणी द्यायचे? आक्षेप रास्त आहे. ज्यांना परवडते ते आजही खासगी तज्ज्ञांकडे जातात, आणि तेथेही जपून जावे लागते. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. नुसती ‘समुपदेशक’ अशी पाटी मात्र दीर्घकाळ कोणीही लावू शकत असे, आणि २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा कायद्याने नियमनाची चौकट आखली तरी पाटी वाचून माणूस पारखायची जबाबदारी पालकांवरून हटलेली नाही. तथापि समाजकार्य आणि मानसशास्त्र यांचे पदवीधर आपल्या विद्यापीठांतून दरवर्षी बाहेर पडतात. त्यांना या विशिष्ट कामाचे शिक्षण देऊन न्यायालयांशी जोडणे हा खर्च वर्षानुवर्षे चालणाऱ्या दाव्यांच्या खर्चापुढे मोठा ठरू नये.

दुसरा आक्षेप अधिक जुना आहे: घरचे भांडण घरच्यांनी मिटवावे, बाहेरचा माणूस मध्ये कशाला? आमच्या लहानपणी हे काम मामा, आत्या, शेजारचे काका करीत, हे खरे. पण ताब्याच्या वादात मामा आईचा असतो आणि आत्या बापाची. सगळे नातेवाईक दोरीला हात लावून उभे असतात. दोरीला हात न लावलेला असा त्या घरात एकही नसतो, म्हणून तर बाहेरचा हवा.

आजोबांच्या घरचा दावा सहा वर्षांनी आपसांत मिटला. आता नातू दिवाळीला येतो, नमस्कार करतो, विचारलेल्या प्रश्नांची नीट उत्तरे देतो, आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातो. ‘पाहुण्यासारखा येतो,’ असे आजोबा म्हणतात, आणि त्यात तक्रारीचा सूर नसतो. निकाल कोणाच्या बाजूने लागला असता तर हे टळले असते, असे आम्हांला वाटत नाही. त्या घरात न्याय होण्याआधी, ‘मला जायचं नाही’ या वाक्याचा अर्थ मुलालाच विचारणारे एक माणूस वेळेवर पोहोचायला हवे होते. कायद्यात त्याच्यासाठी खुर्ची १९८४ पासून मांडलेली आहे. तिच्यावर कोणाला बसवायचे आणि त्याला किती वेळ द्यायचा, एवढेच आपण ठरवायचे आहे.